जे. आर. डी. टाटा : टपालाच्या पिशव्यांपासून प्रवाशांपर्यंत

भारतात दिल्या गेलेल्या पहिल्या वैमानिक परवान्याचे मानकरी, देशातील पहिल्या नियमित हवाई टपाल सेवेचे प्रवर्तक आणि एअर इंडियाचे शिल्पकार म्हणून जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे नाव सर्वपरिचित आहे. उद्योगपती म्हणून त्यांच्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्यांच्या वैमानिकी जीवनाचा एक पैलू तुलनेने कमी चर्चिला जातो. देशातील पहिली विमान कंपनी उभारताना त्यांनी प्रवाशांची वाहतूक न निवडता टपालाची वाहतूक निवडली होती. प्रवासी पुढे आले, ते टपालाने तयार केलेल्या वाटेवरून.

हाती नवा व्यावसायिक परवाना आलेल्या तरुण वैमानिकांना आजही मालवाहू विमान कंपनीत जावे की प्रवासी, हा प्रश्न पडतो. अशा तरुणांसाठी जेआरडींच्या आयुष्यातील ही निवड आणि तिचे परिणाम विचार करण्याजोगे आहेत.

बालपण आणि विमानाची ओढ

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटा यांचे नातलग व व्यवसायातील सहकारी. आई सुझान ब्रिएर फ्रेंच होत्या. विवाहानंतर त्यांचे नाव सूनी झाले. कुटुंबाचे उन्हाळ्यातील वास्तव्य उत्तर फ्रान्समधील आर्देलो या समुद्रकाठच्या गावी असे. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओ यांचे घरही तेथेच होते. वाळूच्या किनाऱ्यावर उतरणारी विमाने पाहत जेआरडी वाढले. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांना विमानात बसण्याची पहिली संधी मिळाली आणि आपण वैमानिक व्हायचे, हा निश्चय तेव्हाच झाला.

तो निश्चय प्रत्यक्षात येण्यास जवळजवळ एक दशक लागले. फ्रेंच सैन्यातील सक्तीची सेवा संपल्यावर केंब्रिजला शिकण्याची त्यांची इच्छा होती. परंतु वडिलांनी त्यांना भारतात बोलावून घेतले आणि १९२५ मध्ये ते टाटा उद्योगसमूहात उमेदवारी करू लागले. पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले व कुटुंबाची जबाबदारी त्यांच्यावर आली. १९२८ मध्ये मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू होताच त्यांनी तेथे नाव नोंदवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्यावर क्रमांक होता एक.

हुकलेले पारितोषिक

१९२९ मध्ये आगाखान यांनी भारत आणि इंग्लंड यांदरम्यान एकट्याने विमान चालवणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी पाचशे पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. जेआरडी आपल्या जिप्सी मॉथ विमानातून कराचीहून इंग्लंडकडे निघाले. समोरच्या बाजूने, म्हणजे इंग्लंडहून भारताकडे, आस्पी इंजिनियर हा तरुण येत होता. इजिप्तमधील अबूकिर येथे दोघांची गाठ पडली. आस्पी यांचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले आणि दोघेही आपापल्या दिशेने निघाले. आस्पी आधी पोहोचले व पारितोषिक त्यांना मिळाले. हेच आस्पी इंजिनियर पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

या स्पर्धेतून जेआरडींना लांब पल्ल्याच्या उड्डाणाचा अनुभव मिळाला. एका इंजिनाचे विमान, बिनतारी यंत्रणा नाही, हवामानाचा अंदाज जवळजवळ नाही, मार्गावर दुरुस्तीची सोय नाही, अशा परिस्थितीत ठरलेल्या ठिकाणी पोहोचणे म्हणजे काय, हे त्यांना कळले होते. पुढील उपक्रमासाठी हाच अनुभव कामी आला.

टपालच का?

टपाल सेवेची मूळ कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट यांची. ब्रिटिश हवाई दलातील हे माजी वैमानिक १९२९ मध्ये भारतात आले होते आणि गावोगावी लोकांना पैसे घेऊन विमानाची सैर घडवत होते. प्रवासी विमानात बसायला उत्सुक असतात, परंतु उत्सुकतेवर नियमित सेवा चालत नाही, याचा अनुभव त्यांना त्या व्यवसायात आला असणे स्वाभाविक आहे. त्याच वर्षी इम्पीरियल एअरवेजची लंडनहून येणारी टपाल सेवा कराचीपर्यंत पोहोचली. तेथून पुढे पत्रे रेल्वेने जात. कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत हे टपाल विमानाने न्यावे, असा प्रस्ताव व्हिन्सेंट यांनी टाटांपुढे ठेवला.

जेआरडींना कल्पना तत्काळ पटली. सर दोराबजी टाटा यांना ती पटवावी लागली. समूहातील ज्येष्ठ अधिकारी जॉन पीटरसन यांनी जेआरडींची बाजू उचलून धरली आणि सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलास संमती मिळाली. सरकारने अनुदान देण्यास नकार दिला. दीर्घ पत्रव्यवहारानंतर, अनुदानाची अट सोडून देऊन, एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा टपाल करार झाला.

यामागील हिशेब समजून घेण्यासारखा आहे. त्या काळी विमानप्रवास करू शकणारे लोक मोजके होते आणि ते दर आठवड्याला येतीलच, याची शाश्वती नव्हती. टपाल मात्र दर आठवड्याला येणारच होते. वजनानुसार मिळणारे टपालाचे उत्पन्न आधी अंदाजता येत होते. शिवाय टपालाच्या पिशवीला आसन लागत नाही, खाणे लागत नाही आणि वाटेत मुक्काम पडल्यास तिच्यासाठी निवाऱ्याची चिंता करावी लागत नाही. लहान विमान, तीन वैमानिक आणि मोजके तंत्रज्ञ एवढ्यावर सेवा सुरू करायची, तर टपालाखेरीज दुसरा पर्याय नव्हता.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ विमानातून निघाले. वाटेत अहमदाबादला इंधन भरून दुपारी दोनच्या आत ते मुंबईतील जुहू येथे उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे नेले आणि बळ्ळारीला रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. होमी भरुचा हे तिसरे वैमानिक होते.

वेळेची शिस्त

टपाल बोलत नाही, तक्रार करत नाही. पण त्याला वेळ कळते. कराचीत इम्पीरियल एअरवेजच्या विमानाशी सांधा जुळला नाही, तर अख्खा आठवडा वाया जात असे. जुहूचे मैदान कच्चे होते व पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा सेवा बंद ठेवण्याऐवजी विमानांचे ठाणे पुण्यास हलवण्यात येई. डोंगररांगा, नद्या आणि रेल्वेचे रूळ पाहत मार्ग काढणाऱ्या वैमानिकांसाठी सह्याद्रीवरील पावसाळी ढग ही खरी परीक्षा होती.

पहिल्या वर्षात सेवेने सुमारे एक लाख साठ हजार मैलांचे उड्डाण केले, पावणेदहा टनांच्या आसपास टपाल वाहिले आणि सुमारे साठ हजार रुपयांचा नफा मिळवला. प्रवासी होते केवळ १५५. विमानात जागा उरल्यास टपालाच्या पिशव्यांसोबत एखाद्या प्रवाशाला घेतले जाई, इतकेच त्या वेळी प्रवाशाचे स्थान होते. वक्तशीरपणाबद्दल सरकारच्या नागरी विमान विभागानेही या सेवेची प्रशंसा केली.

पुढील वर्षांत तिरुवनंतपुरम व दिल्ली हे मार्ग सुरू झाले. १९३८ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील पहिल्या वर्गाचे सर्व टपाल विमानाने नेण्याची योजना लागू झाली, तेव्हा टपालाचे वजन एकदम वाढले. त्यासाठी मोठी, अनेक इंजिनांची विमाने घ्यावी लागली. विमान मोठे झाले की आसनेही आली, आणि अशा रीतीने टपालाच्या उत्पन्नावर प्रवासी सेवा उभी राहिली. त्याच वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. युद्धकाळात १९४२ मध्ये इंग्लंडहून परतताना विमान बेपत्ता होऊन व्हिन्सेंट यांचा मृत्यू झाला. या उपक्रमातील जेआरडींचा सर्वांत जवळचा सहकारी गेला.

प्रवासी आले, जबाबदारी बदलली

१९४६ मध्ये टाटा एअर लाइन्सचे रूपांतर एअर इंडिया या सार्वजनिक कंपनीत झाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनकडे निघाले. आता केंद्रस्थानी प्रवासी होता.

या बदलाचा अर्थ जेआरडींनी किती गांभीर्याने घेतला होता, हे रात्रीच्या हवाई टपाल योजनेच्या वादातून दिसते. तत्कालीन दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री विमाने सोडून नागपूरला टपालाची अदलाबदल करण्याची योजना मांडली. ज्यांनी टपालावर आपली कंपनी उभारली, त्या जेआरडींनीच तिला विरोध केला. रात्री उतरण्यासाठी लागणाऱ्या सोयी विमानतळांवर पुरेशा नसताना घाई करू नये, असे त्यांचे मत होते. नव्या विमान कंपन्यांची आर्थिक स्थितीही नाजूक होती.

सरकारने योजना पुढे रेटली. जानेवारी १९४९ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून ती सुरू झाली व अनेक वर्षे चालली. मध्यरात्री चार दिशांनी येणारी विमाने एकत्र येण्याचे ठिकाण म्हणून नागपूरची ओळख झाली. योजना चालणारच नाही, ही भीती खरी ठरली नाही. मात्र रात्रीच्या उड्डाणातील धोका खोटा नव्हता. या सेवेच्या विमानांत टपालाबरोबर प्रवासीही असत. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून रात्री निघालेले डाकोटा विमान कोसळले. मृतांमध्ये कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री यांचा समावेश होता. टपालाने वाट दाखवली, तरी त्या वाटेवर माणसांना नेण्यापूर्वी तयारीची पातळी वेगळी असावी लागते, हा जेआरडींचा आग्रह अनाठायी नव्हता.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींना ही पद्धत मान्य नव्हती, तरी एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९७८ पर्यंत सांभाळले. प्रवासात ते सेवेतील बारीकसारीक उणिवा टिपून ठेवत व संबंधितांना कळवत. पूर्वी जी शिस्त घड्याळाच्या काट्यापुरती होती, ती आता आसनाच्या स्वच्छतेपासून चहाच्या चवीपर्यंत पोहोचली होती.

जानेवारी १९७८ मध्ये एअर इंडियाचे सम्राट अशोक हे विमान मुंबईजवळ समुद्रात कोसळून २१३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. १९८० मध्ये त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेण्यात आले. ऑक्टोबर १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, पहिल्या टपाल उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न सन्मान देण्यात आला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.

आजच्या वैमानिकासाठी

मालवाहतूक आणि प्रवासी वाहतूक या दोन वाटा आजही शेजारी शेजारी चालतात. चंदीगडला तर त्या एकाच धावपट्टीवर दिसतात. तेथून हवाई दलाची मालवाहू विमाने लडाखकडे रसद घेऊन जातात आणि नागरी प्रवासी विमानेही त्याच धावपट्टीवरून उडतात. नागरी क्षेत्रात दोन्ही कामांसाठी परवाना एकच लागतो. भारतात दोनशे तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक परवाना मिळू शकतो. विमानप्रमुख होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्यास दीड हजार तास लागतात. मधले तास कोठे मिळवायचे, हा तरुण वैमानिकापुढील खरा प्रश्न असतो. प्रवासी कंपन्यांकडे विमाने अधिक, म्हणून जागाही अधिक. मालवाहू विमाने बहुधा रात्री उडतात. तेथे जागा थोड्या आणि झोपेचे गणित अवघड.

जेआरडींच्या काळात मालवाहतुकीला कोणी दुय्यम मानले असते, तर भारतातील प्रवासी विमानसेवा कदाचित आणखी काही वर्षे लांबली असती. त्यांनी दोन्ही कामांत प्रतिष्ठेचा फरक केला नाही; जबाबदारीचा फरक मात्र कधी नजरेआड होऊ दिला नाही. परवान्यावरील पहिल्या क्रमांकापेक्षा त्यांचा हा वारसा वैमानिकांना अधिक उपयोगी पडणारा आहे.