गणितानंद कापरेकर मास्तर

शोध लावायला मोठी प्रयोगशाळा लागते असे आपल्याला वाटते ना? पण नुसत्या कागद-पेन्सिलीवर शोध लावणारे एक मास्तर नाशिकजवळच्या देवळालीत होऊन गेले. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यामुळे लहानपणीच आकडेमोडीची गोडी लागली. शाळा ठाण्यात झाली. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस मिळाले. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवले.

मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डेमलो नावाचे रेल्वे स्टेशन होते. तिथे त्यांना काही संख्यांचा विचार सुचला. म्हणून त्या झाल्या ‘डेमलो संख्या’! त्यातली ही गंमत बघा :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे करत नऊ एकांपर्यंत जा :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

केवढी ही सतरा आकडी संख्या! डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, सारखीच. मधोमध ९. सगळ्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ × ९.

असे का होते? गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. उभ्या बेरजेत एक, दोन, तीन असे करत नऊ एक येतात, मग कमी होत जातात. हातचा कुठेच येत नाही. पण दहा एक घेतले की मध्ये १० येतात, हातचा येतो अन् गंमत मोडते. मी वहीत करून पाहिले. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ आले, चढत्या बाजूचा ८ गायब!

६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ तर जगभर गाजला. पण हा नुसता आकड्यांचा खेळ आहे, असे म्हणून पुष्कळ गणितज्ञांनी मास्तरांकडे लक्ष दिले नाही. मास्तर खचले नाहीत. शाळेची नोकरी करत त्यांनी लेख लिहिले, पुस्तिका छापल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील एका मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगात नाव झाले. तोवर मास्तर सत्तरीचे झाले होते. १९८६ साली ते वारले.

आता तुम्ही करा. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, जसे ३५२४. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येणारच. पालकांनीही करून बघावे. त्यासाठी खाली कोरी जागा ठेवली आहे. खडू फळ्याजवळ आहे.