वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मॉर्डेकाय वुल्फ हाफकिन (जन्म: १५ मार्च १८६०, ओडेसा, मृत्यू: २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन रोगांवरील लसींचे जनक मानले जाणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. जन्माने ते रशियन साम्राज्यातील ज्यू होते. प्लेगची लस त्यांनी १८९६-९७ च्या हिवाळ्यात मुंबईत तयार केली. परळ येथील हाफकिन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. शरीराची प्रतिकारशक्ती कृत्रिम रीतीने जागृत करून साथ रोखता येते, हे मोठ्या लोकसंख्येवर प्रत्यक्ष प्रयोग करून आणि आकडेवारी मांडून दाखवणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते.

== प्रारंभिक जीवन ==

हाफकिन यांचे शालेय शिक्षण काळ्या समुद्राच्या परिसरातील बेर्द्यान्स्क या गावी झाले. १८७९ मध्ये त्यांनी ओडेसा येथील विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला. तेथे प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू होते. विद्यार्थिदशेत ते झारविरोधी क्रांतिकारक गटाच्या संपर्कात आले. मात्र त्या गटाने दहशतीचा मार्ग धरल्यावर ते त्यापासून दूर झाले. १८८१ मध्ये ओडेसात ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा वस्तीच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते. त्यात ते जखमी झाले व पकडले गेले. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केल्यामुळे त्यांची सुटका झाली. पदवीनंतर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास विद्यापीठात अध्यापकपद मिळण्याची शक्यता होती. त्यांनी धर्मांतरास नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम पत्करले. १८८८ मध्ये त्यांनी रशिया सोडला व जिनीव्हात काही काळ अध्यापन केले. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे मेचनिकॉव्ह आधीच आलेले होते, पण संशोधकाची जागा रिकामी नसल्याने हाफकिन यांना प्रारंभी ग्रंथालयात साहाय्यकाचे काम करावे लागले.

== प्रतिकारशक्तीविषयीचा वाद आणि पटकीची लस ==

हाफकिन पॅरिसला आले तेव्हा शरीर रोगजंतूंशी कसे लढते, या प्रश्नावर युरोपात दोन पक्ष पडले होते. मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचून त्याभोवती गोळा होणाऱ्या पेशी पाहिल्या होत्या. जंतूंना गिळणाऱ्या अशा भक्षक पेशी हेच शरीराचे खरे सैन्य होय, असे त्यांचे मत होते. याउलट बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये धनुर्वात व घटसर्पाच्या विषांना निष्प्रभ करणारे घटक रक्तद्रवात असल्याचे दाखवले. पुढे या घटकांना प्रतिपिंडे हे नाव रूढ झाले. दोन्ही पक्षांत तथ्य होते, हे नंतर सिद्ध झाले. १९०८ चे नोबेल पारितोषिकही मेचनिकॉव्ह आणि रक्तद्रवाचा पक्ष मांडणारे पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले. हाफकिन मात्र या वादात फारसे अडकले नाहीत. संरक्षण कोणत्या मार्गाने मिळते यापेक्षा ते मिळते की नाही, हा त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न होता.

पटकीच्या जंतूंवर त्यांनी पाश्चर यांची पद्धत वापरली. गिनीपिगच्या उदरपोकळीतून जंतू एकापाठोपाठ एक असे ३९ वेळा नेल्यावर त्यांची मारकता कितीतरी पटींनी वाढली. दुसरीकडे उबदार हवेच्या झोतात वाढवलेले जंतू क्षीण झाले. आधी क्षीण व काही दिवसांनी तीव्र जंतू टोचल्यास प्राण्यांना पटकीपासून संरक्षण मिळते, असे त्यांना आढळले. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला व उतरला. स्पेनमध्ये फेर्रान यांनी १८८५ मध्येच पटकीची लस वापरली होती. परंतु तिचे प्रमाणीकरण आणि नोंदी समाधानकारक नसल्याने ती मान्यता पावली नव्हती. त्यामुळे हाफकिन यांच्या लसीकडेही अनेक ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी संशयाने पाहिले. लस खरोखर उपयुक्त आहे की नाही, हे पटकी कायम वास्तव्याला असलेल्या प्रदेशातच ठरू शकत होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन यांचा भारतात येण्याचा मार्ग मोकळा झाला.

मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. पुढील अडीच वर्षांत बंगाल, आसाम, पंजाब व संयुक्त प्रांतांत हिंडून त्यांनी ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या बस्त्यांत बंगाली डॉक्टरांनी त्यांना साथ दिली. एकाच घरात, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्यांपैकी काहींनी लस घेतली व काहींनी घेतली नाही, अशा कुटुंबांची तुलना करण्यावर त्यांचा भर होता. लस घेतलेले व न घेतलेले सर्व बाबतींत सारखे असतील, तरच फरकाचे श्रेय लसीला देता येते, हे त्यांना स्पष्टपणे उमगले होते. हिवतापाने खंगल्यामुळे १८९५ मध्ये ते इंग्लंडला परतले. तेथे आल्मरॉथ राइट यांना विषमज्वराच्या लसीची दिशा सुचण्यात हाफकिन यांच्या कामाचा वाटा होता. १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले.

== मुंबईतील प्लेग ==

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी केले. साथ झपाट्याने पसरली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. सरकारच्या सांगण्यावरून हाफकिन ७ ऑक्टोबर रोजी मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्यापुढील व्हरांडा देण्यात आला. मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई होते. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये १८९४ मध्येच शोधला होता. मात्र तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे अद्याप कोणास ठाऊक नव्हते.

पटकीच्या लसीत जिवंत जंतू होते. प्लेगच्या बाबतीत हाफकिन यांनी तो धोका टाळून मेलेल्या जंतूंची लस करायचे ठरवले. मांसाच्या रश्शात जंतू वाढवताना त्यांनी पृष्ठभागावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले. या थेंबांना धरून जंतूंच्या वसाहती गुहेतील लवणस्तंभांप्रमाणे खाली लोंबत वाढतात. चंबू हलवला की त्या तळाशी बसतात आणि वर नवी वाढ सुरू होते. असे काही आठवडे केल्यावर चंबूत जंतूंची देहे आणि त्यांनी रश्शात सोडलेली विषद्रव्ये असे दोन्ही साठतात. नंतर मिश्रण सुमारे ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून त्यात कार्बॉलिक आम्ल घालत. मृत देहांमुळे रोगाची लागण टळेल आणि विषद्रव्यांमुळे लागण झालीच तर मृत्यू टळेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

तीन महिन्यांच्या अविश्रांत कामानंतर, १० जानेवारी १८९७ रोजी, त्यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. ही मात्रा पुढे लोकांना दिलेल्या मात्रेपेक्षा बरीच मोठी होती. तीव्र ताप व वेदना झाल्या, पण ते कामावर येत राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी लस घेतली आणि बाकीचे त्याच आवारात, त्याच अन्नावर राहिले. लस न घेतलेल्यांत रोगी व मृत्यू दोन्ही अधिक आढळले. या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतल्याची नोंद आहे. तुरुंगात स्वेच्छेला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला नाही. १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस देऊन अशीच तुलना करण्यात आली. लोणावळा, खडकी, हुबळी व धारवाड येथेही मोठ्या प्रमाणावर लसीकरण झाले.

प्लेगविरोधी सरकारी उपायांना लोकांचा रोष भोवत असतानाचा हा काळ होता. १८९७ च्या साथीच्या रोगांच्या कायद्याखाली घरांच्या झडत्या, सक्तीचे विलगीकरण व सामानाची जाळपोळ सुरू होती. पुण्यात २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याआधी १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. मुंबईत लस सिद्ध होऊन त्या वेळी जेमतेम दोन महिने झाले होते. लसीविषयीही अफवा उठल्या. हाफकिन सक्तीच्या विरोधात होते. लोकांना समजावून सांगावे आणि आपल्या माणसांनी पुढाकार घ्यावा, असे त्यांचे धोरण होते. तिसरे आगाखान यांनी स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतल्यावर हजारो खोजा पुढे आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलवण्यात आली व १० ऑगस्ट रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तिचे उद्घाटन केले. याच वास्तूत १८८२ मध्ये तत्कालीन गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन पटकीने मरण पावल्या होत्या आणि तेव्हापासून गव्हर्नरांनी ती सोडली होती.

== मुलकोवाल प्रकरण ==

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. लस पाच बाटल्यांतून दिली होती. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेल्या सर्व १९ जणांना आठवडाभरानंतर धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. इतर ८८ जणांना काही झाले नाही. त्या बाटलीतील लस परळला ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. चौकशी आयोगाने बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथेच, ती दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढला. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी कार्बॉलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती; हा बदल त्यांच्यावर ठपका ठेवण्यास पुरेसा ठरला. त्यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले व ते इंग्लंडला गेले.

चौकशीतील एक बाब मात्र बाजूला पडली होती. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक केला गेला नव्हता. जंतू ४१ दिवस बाटलीत वाढत असते तर लसीला दुर्गंधी आली असती. शिवाय साठलेल्या विषामुळे लक्षणे फार लवकर दिसली असती. आठवड्याचा विलंब हा नुकत्याच शिरलेल्या थोड्या जंतूंकडे बोट दाखवत होता. रोनाल्ड रॉस, सिम्प्सन आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समधून ही बाजू जोराने मांडली. परदेशी आणि ज्यू असलेल्या शास्त्रज्ञावर झालेल्या या अन्यायाची तुलना फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणाशी करण्यात आली. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त ठरले. ते भारतात परतले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. कलकत्त्यात त्यांना काम देण्यात आले, तेही माणसांवर लसीचे प्रयोग करण्याची मुभा न देता. मुलकोवालच्या १९ मृतांची कुटुंबे या सर्व वादात क्वचितच डोकावतात.

== उत्तरायुष्य ==

१९१४ च्या सुमारास हाफकिन निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. ते अविवाहित होते. अखेरच्या वर्षांत ते धर्मनिष्ठ ज्यू जीवनाकडे वळले. १९१६ मध्ये त्यांनी पारंपरिक धर्माचरणाचे समर्थन करणारा निबंध लिहिला. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धार्मिक विद्यालयांना साहाय्य करणाऱ्या निधीस दिली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

== लसीचे पुढे काय झाले ==

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठवण्यात आल्या. लस पूर्ण संरक्षण देत नसे; तिचा परिणाम काही महिन्यांत ओसरे आणि फुप्फुसाच्या प्लेगवर ती फारशी उपयोगी पडत नसे. याची कारणे नंतर कळली. प्लेगच्या जंतूवरील ज्या आवरणाविरुद्ध शरीर प्रभावी प्रतिपिंडे तयार करते, ते आवरण मानवी शरीराच्या तापमानाला उत्तम तयार होते, तर हाफकिन यांचे चंबू त्याहून कमी तापमानाला ठेवलेले असत. १९३२ मध्ये संस्थेचे पहिले भारतीय संचालक झालेले साहिबसिंग सोखी यांनी जंतू ३७ अंश सेल्सिअसला वाढवून अधिक परिणामकारक लस तयार केली.

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये बदलून बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी करण्यात आले आणि १९२५ मध्ये ती हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. प्लेगच्या प्रसारातील उंदीर व पिसवांची भूमिका निश्चित करणारे बरेचसे संशोधन याच ठिकाणी झाले. लसनिर्मितीचा विभाग १९७५ मध्ये संस्थेपासून वेगळा करून त्याचे स्वतंत्र महामंडळ स्थापन करण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.