अस्थींना झालेली शिक्षा

ठाण्यात लहानाचा मोठा झालेल्या मला किल्ला म्हणजे तुरुंग, एवढेच ठाऊक होते. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, हे शाळेत पाठ केले होते. पण पोर्तुगीज म्हटले की तोफा आणि चर्च यांपलीकडे डोळ्यांसमोर काही येत नसे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गार्सिया द ओर्ताची हकिकत वाचली आणि मी अस्वस्थ झालो.

ओर्ता १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये जन्मला. त्याचे आईवडील स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलले गेलेले ज्यू. १४९७ मध्ये पोर्तुगालमधील ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. त्यामुळे ओर्ता ख्रिस्ती म्हणून वाढला, तरी 'नवा ख्रिस्ती' हा शिक्का कपाळी राहिलाच. वैद्यक शिकून, लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन करून तो १५३४ मध्ये गोव्यास आला. त्याच वर्षाअखेरीस वसई, साष्टी आणि मुंबई पोर्तुगीजांच्या हाती आली. पुढे मुंबई बेट ओर्ताकडे खंडाने होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य आणि स्नेही. हकीम असो वा हिंदू वैद्य, ज्याच्याकडे ज्ञान असेल त्याला तो विचारी.

१५६३ मध्ये त्याचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. संवादांच्या रूपाने त्यात मिरी, लवंग, आले, आंबा यांची माहिती आहे; पटकीच्या रोगाचे बारकाईने केलेले वर्णन आहे. ग्रीक पंडितांच्या वचनापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले त्याने अधिक मानले.

पण १५६० मध्येच गोव्यात धर्मन्यायालय आले होते. तेथे चौकशी होई ती मनातल्या श्रद्धेची. १५६८ मध्ये ओर्ता वारला. पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळले. नातलगांच्या जबान्यांतून ओर्ताचेही नाव आले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या!

त्या जबान्या खऱ्या होत्या का? भीतीने कापणाऱ्या माणसाच्या शब्दावर इतिहासाच्या विद्यार्थ्याने किती विसंबावे? १६९२ मध्ये अमेरिकेतील सेलम येथे कडव्या प्युरिटन समाजाने चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिले. तेथे कबुली देणारे वाचले. नाकारणारे फासावर गेले. पंथ वेगळे, समुद्र वेगळे, रीत मात्र तीच. सत्ता श्रद्धेची पहारेकरी झाली की पुरावा मागे पडतो आणि संशय न्यायासनावर बसतो.

हे सारे परक्यांचे पाप म्हणून हात झटकावेत, तर करणी-भानामतीच्या संशयावरून माणसे छळली जातात म्हणून आपल्या महाराष्ट्रालाही २०१३ मध्ये कायदा करावा लागला.

गोव्याचे धर्मन्यायालय १८१२ मध्ये बंद झाले. पणजीत आज ओर्ताच्या नावाची बाग आहे. ज्याला मूठभर माती लाभू दिली नाही, त्याच्या नावाने तेथे झाडे वाढत आहेत. किल्ल्याजवळून जाताना हल्ली मला तो तुरुंग आठवतो, ज्यात माणसाचे मन कोंडू पाहिले जाते.