जेआरडी टाटांची १९३० ची शर्यत आणि आजची फॉर्म्युला वन : गोष्ट एका स्पार्क प्लगची

दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत पळणारे घोडे तुम्ही मोबाइलवर शूट केले असतील. त्याच मोबाइलवर फॉर्म्युला वनच्या रील्सही पाहिल्या असतील. घोड्यांच्या शर्यतीत इंजिन नाही आणि फॉर्म्युला वनमध्ये इंजिनासोबत कॉम्प्युटरही आहे. पण मध्ये असाही काळ होता, जेव्हा इंजिन होतं आणि कॉम्प्युटर नव्हता. तेव्हाची शर्यत कशी असायची? चला, जेआरडी टाटांच्या आयुष्यातून समजून घेऊया.

वेगाचं वेड

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ ला पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा, आई फ्रेंच. लहानपणी सुट्टीत ते फ्रान्सच्या समुद्रकिनारी राहायचे. तिथे शेजारी होते लुई ब्लेरिओ, म्हणजे १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वैमानिक. विमानाचं वेड तिथूनच लागलं.

मुंबईत आल्यावर हातात बुगाटी गाडी. ती सुसाट चालवली म्हणून केस झाली, तेव्हा त्यांनी जॅक विकाजी हे वकील केले. या वकिलांची पुतणी थेल्मा, आणि १९३० मध्ये जेआरडींचं लग्न तिच्याशीच झालं!

१० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं. भारतात दिलं गेलेलं ते पहिलंच लायसन्स.

शर्यत काय होती?

भारत आणि इंग्लंडमधलं अंतर एकट्याने, ठरलेल्या मुदतीत उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. कोणत्याही बाजूने निघा. ३ मे १९३० ला जेआरडी कराचीहून निघाले. अ‍ॅस्पी इंजिनिअर हा १७ वर्षांचा पोरगा इंग्लंडकडून येत होता.

जेआरडींचं जिप्सी मॉथ विमान साधारण १०० हॉर्सपॉवरचं, उघड्या कॉकपिटचं. वेग ताशी जेमतेम १३५ किलोमीटर. आजची फॉर्म्युला वन कार जमिनीवर ताशी ३०० च्या पुढे जाते, आणि तिची ताकद आहे हजार हॉर्सपॉवरच्या आसपास.

पण खरा फरक वेगाचा नाही. आज कारमध्ये शेकडो सेन्सर असतात. इंजिन तापलं की ड्रायव्हरच्या आधी पिटमधल्या इंजिनिअरला कळतं आणि तो रेडिओवर सांगतो. चार टायर बदलायला टीमला दोन-तीन सेकंद पुरतात. जेआरडींकडे रेडिओसुद्धा नव्हता, फक्त नकाशा आणि होकायंत्र. तोरणमाळच्या घाटात रेंज गेली की आपण कासावीस होतो, इथे तर अख्खा प्रवासच रेंजबाहेर! मेकॅनिक, नेव्हिगेटर, ड्रायव्हर सगळं एकच माणूस.

इजिप्तमध्ये काय झालं?

अबुकीरला उतरल्यावर जेआरडींना अ‍ॅस्पी अडकलेला दिसला. त्याच्या इंजिनाला स्पार्क प्लग हवे होते. प्लगची ठिणगी पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटवते. ठिणगी नाही तर इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. जेआरडींकडे जादा प्लग होते, पण पुढचा रस्ता लांब होता आणि समोर उभा होता प्रतिस्पर्धी. तरी त्यांनी आपल्याकडचे प्लग काढून दिले. अ‍ॅस्पीने त्यांना आपलं लाइफ जॅकेट दिलं आणि दोघं आपापल्या दिशेला उडाले.

अ‍ॅस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला. पुढे हाच पोरगा भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

हरल्यानंतर

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला विमानाचं पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं! याच सेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा स्वतः विमान चालवत केला. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं आणि २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

आजच्या शर्यतीत गाडी बिघडली तर मदत करायला अख्खी टीम असते. तेव्हा कधीकधी मदत फक्त प्रतिस्पर्धीच करू शकायचा, आणि करायची की नाही हे सांगणारा कुठलाही सेन्सर नव्हता.

जाता जाता एक टीप : बाईक सकाळी किक मारूनही सुरू होत नसेल तर आधी प्लग काढून त्यावर काजळी जमली आहे का बघा. लांब जाताना एक जादा प्लग जवळ ठेवा. वाटेत कुणाला लागला तर देताही येईल.