कै. दुर्गाबाई खोटे

दि. १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यात दुर्गाबाईंचा जन्म झाला. पुढे सासरचे वैभव ओसरले व दोन मुलांच्या संगोपनाचा भार त्यांच्यावर पडला. कुलीन स्त्रीने चित्रपटात जाणे त्या काळी निंद्य मानीत. 'फरेबी जाल' (१९३१) मधील अल्पशा भूमिकेने त्यांच्या पदरी लोकनिंदाच आली. तथापि 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'तील (१९३२) त्यांच्या तारामतीस त्याच लोकांनी डोक्यावर घेतले. 'भाऊबंदकी' नाटकातील आनंदीबाई व 'मुघल-ए-आझम'मधील (१९६०) जोधाबाई याही त्यांच्या भूमिका गाजल्या. १९८३ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार लाभला. दि. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या निवर्तल्या. कष्टाच्या भाकरीने कुळास कमीपणा येत नाही, हा या चरित्राचा बोध आम्ही आपल्या लेकीसुनांपुढे आदरपूर्वक ठेवितो.