कुष्ठरोगाचे मूळ शोधणारे डॉ. खानोलकर

नल्लकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे. पण जुन्या मंडळींच्या तोंडी ते कोरंटीच. क्वारंटीन या शब्दाचेच हे देशी रूप. रोग्याला माणसांपासून दूर ठेवण्याची ही रीत सर्वांत कठोरपणे भोगली ती कुष्ठरोग्याने. त्याच्या शरीरात रोग नेमका कोठे घर करतो, याचा चिकाटीने शोध घेणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी १९२३ साली मिळविली. मुंबईस परतल्यावर त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू होताच तेथील प्रयोगशाळांची धुरा उचलली. घट्ट धोतराच्या काचाने कमरेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाकडे त्यांनीच जगाचे लक्ष वेधले.

कुष्ठरोगाचे काम मात्र अधिक सूक्ष्म होते. मज्जातंतूंना सांभाळणाऱ्या पेशींना फिर्खो या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात ग्लिया, म्हणजे सरस, असे नाव दिले. या पेशी सर्वत्र सारख्या नसतात. मेंदूत त्यांतली एकच पेशी अनेक तंतूंना वेष्टन घालते. हातापायांच्या मज्जातंतूंत हेच काम श्वान पेशी करते, पण एका तंतूच्या एकाच तुकड्यापुरते. कुष्ठजंतू मेंदूच्या वाटेस जात नाही. त्याला थंडावा मानवतो, म्हणून त्वचेलगतच्या मज्जातंतूंतील श्वान पेशींत तो बस्तान बसवितो. मग बोटांची संवेदना जाते, चटका कळत नाही, जखमा चिघळतात.

रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचे पातळ छेद खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९५१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. रोगाचा उगम मज्जातंतूंत आहे, हे मत त्यांनी आग्रहाने मांडले. महारोग म्हणजे केवळ कातडीचा विकार, ही समजूत त्यामुळे मागे पडू लागली.

पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक झाले. तेथे १९५८ साली डॉ. कमल रणदिवे आदी सहकाऱ्यांसह, गर्भाच्या मज्जापेशींच्या संवर्धनात रोग्याच्या शरीरातील जंतू वाढविण्याचा प्रयत्न झाला. एक जंतू हाती लागला. त्यापासून लसही तयार झाली. पण तो कुष्ठजंतू नसून त्याच्या गोत्यातला दुसराच निघाला. खरा कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमात अद्याप कोणालाही वाढविता आलेला नाही.

१९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवून २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते निवर्तले. आज कुष्ठरोग औषधांनी बरा होतो, परंतु पुरता मेलेला मज्जातंतू परत येत नाही. म्हणून बधिर चट्टा दिसताच, लाजेने तो न झाकता, वेळीच दवाखाना गाठावा. खानोलकरांच्या साऱ्या परिश्रमांचे व्यवहारातले सार एवढेच आहे.