आयझॅक वॉल्टन : धामधुमीच्या काळातील निवांत गळ

इंग्लंडमधील राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्धाची धग अजून विझली नव्हती. १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला होता, बिशपांची पदे रद्द झाली होती आणि कालचे मित्र एकमेकांकडे संशयाने पाहत होते. अशा वातावरणात १६५३ मध्ये लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील सेंट डन्स्टन चर्चच्या आवारात अठरा पेन्स किमतीचे एक छोटे पुस्तक विक्रीला आले. विषय होता, नदीकाठी बसून गळाने मासे पकडण्याचा. मुखपृष्ठावर लेखकाचे नावही नव्हते. 'द कम्प्लीट अँगलर' या नावाने अजरामर झालेल्या या पुस्तकाचे कर्ते होते साठीला टेकलेले एक कापडव्यापारी, आयझॅक वॉल्टन.

वॉल्टन यांचा जन्म १५९३ मध्ये स्टॅफर्ड या गावी झाला. वडील खाणावळ चालवीत; पण आयझॅक अगदी लहान असतानाच ते वारले. औपचारिक शिक्षण जेमतेम झाले. पोटासाठी तरुणपणीच लंडन गाठून त्यांनी व्यापाराचे धडे गिरवले. १६१८ मध्ये लोखंड व्यापाऱ्यांच्या संघाचे ते सभासद झाले, धंदा मात्र कापडाचाच केला. दुकान फ्लीट स्ट्रीटच्या परिसरात होते आणि तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते थोर कवी जॉन डन. या ओळखीतून स्नेह जुळला. पुढे १६४० मध्ये डन यांच्या प्रवचनांच्या संग्रहासाठी वॉल्टन यांनी त्यांचे चरित्र लिहिले. खरे तर हे काम मुत्सद्दी सर हेन्री वॉटन करणार होते. तेही गळाचे शौकीन. परंतु ते वारले आणि त्यांच्यासाठी माहिती जमवणाऱ्या वॉल्टन यांच्याच हाती लेखणी आली. वॉटन, हूकर, हर्बर्ट आणि सँडरसन यांचीही चरित्रे त्यांनी नंतर लिहिली. इंग्रजी चरित्रवाङ्मयाच्या आद्य शिल्पकारांत त्यांची गणना होते, ती त्यामुळेच.

लेखनाला यश येत असताना घर मात्र रिते होत होते. पहिली पत्नी रेचेल हिच्यापासून झालेली सातही अपत्ये बालपणीच दगावली आणि १६४० मध्ये रेचेलही गेली. १६४७ मध्ये त्यांनी अ‍ॅन केन यांच्याशी दुसरा विवाह केला. एक मुलगी आणि एक मुलगा एवढीच संतती पुढे जगली. वॉल्टन राजनिष्ठ होते. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत राजपुत्राचा पराभव झाला, तेव्हा त्याचे एक राजचिन्हांकित रत्नपदक लपवून लंडनला सुखरूप पोचवण्याची जोखीम या शांत माणसाने पत्करली होती.

त्यांच्या पुस्तकातील निवांतपणा म्हणजे रिकामटेकड्याचा विरंगुळा नव्हे, तो या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. ली नदीच्या काठाने चालणारे वाटसरू गप्पा मारतात, खाणावळीत उतरतात, गाणी ऐकतात; आणि त्या ओघात माशांची माहिती मिळत जाते. ट्राउट हा त्यातील मानाचा मासा. थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातच तो रमतो. म्हणूनच आपल्या दख्खनच्या नद्यांत तो आढळत नाही. इंग्रजांनी तो भारतात आणला, तेव्हा काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीच्या ओढ्यांत तो रुजला. वॉल्टन त्याचा हंगाम सांगतात, गांडूळ कसे लावावे, छोटा मासा आमिष म्हणून कसा वापरावा हे समजावतात. घोड्याच्या शेपटीचे केस वळून केलेली दोरी आणि लांब काठी, एवढेच त्या काळचे मुख्य साहित्य.

या पुस्तकाला मर्यादाही होत्या. पिसे आणि रेशीम बांधून केलेल्या कृत्रिम माशीने ट्राउट पकडण्याच्या कलेत वॉल्टन फारसे निष्णात नव्हते. तो भाग त्यांनी टॉमस बार्कर यांच्याकडून घेतला आणि तसे मोकळेपणाने सांगितले. विसाव्या शतकाच्या मध्यास १५७७ चे एक विस्मृत पुस्तक सापडले. त्यातही मासे पकडणारा आणि वाटसरू यांचा संवाद आहे, हे पाहून वॉल्टन यांच्या कल्पकतेविषयी नवे प्रश्न उभे राहिले. तरीही त्यांच्या गद्यातील प्रसन्नता उसनी नव्हती.

उणीव भरून काढण्याचा त्यांचा मार्ग मोठा दिलदार होता. डव्ह नदीकाठी राहणारा कवी चार्ल्स कॉटन त्यांच्याहून ३७ वर्षांनी लहान, कृत्रिम माशीच्या विद्येत मात्र पारंगत. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीसाठी वॉल्टन यांनी स्वच्छ, नितळ प्रवाहातील ट्राउट आणि ग्रेलिंग यांवरचा भाग त्याच्याकडून लिहून घेतला. कॉटनने नदीकाठी बांधलेल्या छोट्या मासेमारीगृहावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत.

१५ डिसेंबर १६८३ रोजी, नव्वदी पार केल्यावर, विंचेस्टर येथे मुलीच्या घरी वॉल्टन यांनी देह ठेवला. तेथील कॅथेड्रलमध्ये त्यांचे दफन झाले. १९१४ मध्ये मासेमारीच्या शौकिनांनी वर्गणी काढून तेथे त्यांच्या स्मृत्यर्थ रंगीत काचेची खिडकी बसवली. त्याहून बोलके स्मारक त्यांच्या मृत्युपत्रात आहे. मुलगा अविवाहित राहिल्यास शॅलोफर्ड येथील शेत स्टॅफर्ड गावाला द्यावे आणि उत्पन्नातून गरीब मुलांना धंदेशिक्षण व गरजूंना कोळसा मिळावा, अशी तरतूद त्यांनी केली होती. मुलगा अविवाहितच राहिला आणि शेत गावाकडे आले. कोळसा वाटायचा तो जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी, हेही त्यांनी लिहून ठेवले होते. कारण गरिबाला थंडी सर्वांत जास्त बोचते ती याच दिवसांत. पाण्याखालच्या माशाचा हंगाम जाणणाऱ्या या माणसाला माणसाच्या हलाखीचा हंगामही ठाऊक होता.